दैवशालाची अबोली आणि कल्याणचा पंप

समजा, तुमच्या तळहातावर अबोलीची एक वाळलेली ओंबी आहे. करंगळीएवढी लांब, गव्हाच्या ओंबीसारखी खवलेदार, मातकट. तिच्यातलं बी काढायला ती चोळायची नाही की झोडायची नाही. स्टीलच्या डब्यात टाका, पाण्याचे चार थेंब शिंपडा आणि झटकन झाकण लावा. आता डबा कानाशी धरा. आधी काहीच ऐकू येणार नाही. मग आतून एकदा 'फट्' होईल. मग लाह्या फुटायला लागल्यासारखं फट्-फट् सुरू होईल आणि बिया झाकणावर येऊन आपटतील. झाकण लावायला उशीर केलात, तर निम्मं बी चुलीमागे आणि निम्मं पोत्यांच्या सांदीत गेलं म्हणून समजा.

बी मिळालं. आता चाळलेली माती आणि जुनं, कुजलेलं शेणखत सारखं मिसळा. कुंडी नसली तर फुटकी बादली चालते, तळाला भोक मात्र हवं. बी पसरा आणि वरून मातीचा पातळ थर द्या. पाणी ओतायचं नाही, हातानं शिंपडायचं. सावलीत ठेवायचं. आणि थांबायचं. गोकर्णीचं टणक बी रात्रभर भिजवलं की आठवड्याच्या आत वर येतं. सदाफुलीचं बी मातीनं झाकलं की अंधारात मुकाट्यानं कोंब काढतं. अबोली मात्र महिना महिना तोंड दाखवत नाही. पण एकदा धरली की धरली. मग तिला दरसाल पेरावं लागत नाही, वर्षानुवर्षं फुलत राहते.

आणि समजा, एवढं करून, वर्ष घालवून, तुमची अबोली फुलावर आली. ओंब्या वाळायला लागल्या. आणि एका सकाळी तुम्ही अंगणात आलात, तर प्रत्येक झाड धुण्यासारखं पिळून ठेवलेलं. तुम्ही काय कराल?

दैवशालानं पाठीवर पंप चढवला आणि ती नवऱ्याच्या कपाशीकडे निघाली. पण ते नंतर.

दैवशाला घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात नांदते. माहेर वाटूरचं. तिच्या आईनं वाटूरच्या घराला समोरून अबोलीची दाट ओळ लावली होती. फिकट शेंदरी फुलांची, बुटकी, जुन्या जातीची. फाट्यावर उतरलेला माणूस पत्ता विचारायचा, तर लोक सांगायचे, अबोलीवालीच्या घरापासून डावीकडे वळा. आई लहानग्या दैवशालाच्या हातात डबा द्यायची, ओंब्यांवर पाणी शिंपडायची आणि म्हणायची, "धर घट्ट, पळून जातील." आत बिया फुटायला लागल्या की दोघी हसत सुटायच्या.

आई गेली. वर्षश्राद्ध झालं आणि भावानं, अंगदनं, घराचा पुढचा भाग पाडून रस्त्याच्या बाजूला दोन गाळे काढायला घेतले. दैवशाला पोचली तेव्हा जेसीबीनं ओळ उपटून ढिगावर टाकली होती.

"अंगद, एका फोनची तरी तसदी घ्यायची."

"फोन कशाला? झाडंच ती, ताई. तुला पाहिजे तर नर्सरीतून आणून देतो."

दैवशाला ढिगावर चढली, सापडल्या तेवढ्या वाळक्या ओंब्या तोडल्या आणि मुठीत धरून परतीच्या जीपमध्ये बसली. जीप खच्चून भरलेली. तळहाताला घाम आला आणि एक ओंबी मुठीतच फुटली. शेजारची म्हातारी दचकून म्हणाली, "बाई गं, काय धरलं हातात?"

"माहेर," दैवशाला म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

सासरच्या अंगणात हौदाच्या कडेला एक पट्टा होता. धुण्याभांड्यांचं पाणी तिकडे जायचं. तिथं तिनं ते बी लावलं. जोडीला सदाफुली, कुंपणावर गोकर्ण, कोपऱ्यात गुलबाक्षी. सगळी बियांपासूनची, सगळी एकदा लावून टिकणारी. सासू, साळूबाई, ओट्यावर बसून शेंगा निवडत सगळं बघत होती.

"त्याच्यापेक्षा चार वांग्याचे रोपं लाव गं. भाकरीसंगं कोरड्यासाला तरी होतील."

"वांगे दरसाल लावा लागतात, आत्याबाई."

"मंग? लावायचे दरसाल. शेतकऱ्याच्या घरात आलीस ना?"

"शेतात दरसाल पेरूनच राह्यले ना मी. इतके वर्षं झाले. सरकी पेरा, उपटा. तूर पेरा, उपटा. एक तरी गोष्ट अशी पाहिजे का न्हाई मला, जी एकदा लावली अन् राह्यली?"

साळूबाईला हे काही पटलं नाही. पण तिनं नंतर वांग्याचं नाव काढलं नाही. ती उठता बसता टोमणा मात्र मारायची. पाहुणे आले की म्हणायची, "या, बसा, आमच्या सूनबाईचा बगीचा बघा. तिकीट न्हाई."

नवरा, कल्याण, वाईट माणूस नव्हे. हे सांगायलाच हवं, कारण वाईट माणसावर रागवणं सोपं असतं. कल्याण दारू पीत नाही, हात उगारत नाही, लेकीला, अक्षताला, बदनापूरला ठेवून शिकवतो. शेतात त्याचा जीव. कपाशीत तर इतका, की झाडाच्या पानाला छिद्र दिसलं तर त्याचं जेवण कडू होतं. फुलांच्या पट्ट्याला तो "तुझं ते" म्हणायचा. "तुझं ते वाळून राह्यलं बघ." "तुझ्या त्याच्यात शेळी घुसली."

आता पंपाचं. कल्याण आणि त्याचा चुलतभाऊ वसंता यांच्यात मिळून पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप होता. आज ह्याच्या घरी, उद्या त्याच्या. मागच्या साली वसंतानं उसातलं तण मारायला त्यात टू-फोर-डी भरलं, काम झाल्यावर पंप साध्या पाण्यानं हिसळला आणि कल्याणच्या ओट्यावर आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी कल्याणनं त्याच पंपानं कपाशीवर मावा-तुडतुड्याचं औषध मारलं.

टू-फोर-डी उसाचं काही बिघडवत नाही. रुंद पानाच्या झाडाला मात्र ते वाढीचं वेड लावतं. झाड लगेच जळत नाही. ते वाढत सुटतं, पण कसंही, कुठंही, देठ पिळून, पानं आक्रसून, दमून मरेपर्यंत. कपाशी त्याला सगळ्यात हळवी. टाकीच्या तळाला आणि नळीत राहिलेला घोट पुरतो. कल्याणच्या कपाशीच्या बऱ्याच ओळींची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरली गेली.

त्या दिवशी कल्याणनं गल्ली डोक्यावर घेतली होती. "पंप धुवायची अक्कल न्हाई अन् शेती करून राह्यला! माझे लेकरासारखे झाडं मारले!" वसंता मान खाली घालून उभा. शेवटी मारुतीच्या पारावर चार लोकांत ठरलं: उसात पंप वापरला की धुण्याचा सोडा टाकून तीनदा धुवायचा, टाकी भरून नोझलमधून पाणी सोडायचं, आणि मगच कपाशीकडे न्यायचा. पोरं त्याला कल्याणकाकाचा कायदा म्हणायला लागली. कल्याणला ते आवडायचं.

यंदा पोळा झाला आणि अबोलीच्या ओंब्या खालून वाळायला लागल्या. एकही ओंबी दैवशालानं अजून तोडली नव्हती. आईची शिकवण तशी होती. झाडावरच पूर्ण वाळू द्यायची, हिरवट तोडली तर बी पोचट निघतं. वाळल्या की निम्मं बी अक्षताला द्यायचं तिनं ठरवलं होतं, म्हणजे लेक जिथं जाईल तिथं आजीची अबोली जाईल. याच दिवसांत तिला अक्षताकडे बदनापूरला जावं लागलं. जाताना तिनं सांगितलं, "अबोलीच्या शेंड्याला मावा दिसून राह्यला. आल्यावर राखेचं पाणी मारते. तुम्ही काही करू नका."

ती दोन मुक्काम करून परतली. अंगणाचं फाटक उघडलं आणि तिथंच थांबली.

सदाफुलीचे शेंडे खाली वळून मातीला टेकले होते. गोकर्णीच्या वेलानं स्वतःलाच गाठी मारल्या होत्या. आणि अबोली. तिचे देठ दोरीला पीळ द्यावा तसे पिळलेले, पानं मुडपलेली, अर्धवट वाळलेल्या ओंब्या वाकून एकमेकींत अडकलेल्या. दैवशालानं पिशवी खाली ठेवली, वाकली आणि पान नाकाशी नेलं.

टू-फोर-डीचा तो वास या भागात शेंबड्या पोरालाही कळतो.

"आत्याबाई! कुणी मारलं हे?"

साळूबाई आतून आली. "कल्याणनं मारलं की. परवा. मावा पडला म्हणत होता. म्हणे ती यायच्या आत साफ करून ठेवतो, खूश होईल."

कल्याण जेवायला बसला होता. दैवशाला दारात उभी राहिली.

"काय मारलं तुम्ही?"

"कडुनिंबाचं तेल. मावा होता ना." तो हसला. "म्हटलं तुझं ते वाचवून ठेवावं."

"पंप कोणता?"

"पंप? आपलाच."

"त्याच्यात आधी काय होतं?"

कल्याणचा घास हातात राहिला. "वसंतानं नेला असंल उसात—"

भिंतीपलीकडून वसंताचा आवाज आला. या घरांच्या भिंती बोलणं अडवत नाहीत. "ए दादा! माझं नाव घेऊ नको! पोळ्यापासून मी पंपाला शिवलो न्हाई. तूच तुझ्या उसात मारून आल्तास."

"हां, मारलं असंल," कल्याण म्हणाला. "पण मी हिसळला होता. बराबर हिसळला होता."

"हिसळला होता."

"मंग काय खोटं बोलून राह्यलो? आता एवढं काय, झाडंच हाईत—"

तो अर्ध्यावर थांबला. दैवशालाच्या कानात मात्र वाक्य पूर्ण झालं, आणि अंगदच्या आवाजात झालं.

साळूबाईला वाटलं, लेकाची बाजू घ्यावी. "अगं, उगं त्याच्यावर डाफरू नको. माझा कल्याण पंपाच्या बाबतीत लई काटेकोर. कपाशीच्या टायमाला बघ ना, सोडा काय टाकतो, टाकी काय घासतो, तीन-तीनदा धुतो. मागं तर म्या म्हटलं, इतकी आंघोळ तू तरी करतोस का रे?"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, ती काय बोलून बसली. तिनं पदर तोंडाशी नेला. कल्याणनं ताटात पाणी ओतून घेतलं, भात शिल्लक असताना.

दैवशाला वळली. ओट्याच्या खुंटीवरचा पंप तिनं काढला. हौदातून बादलीनं पाणी घेऊन टाकी गळ्यापर्यंत भरली, झाकण आवळलं, पट्टे खांद्यावर घेतले आणि बटण दाबून बघितलं. पंप घर्रर्र करून सुरू झाला.

"हे काय करून राह्यली?" कल्याण दारात आला.

ती फाटकातून बाहेर पडली. घरामागे नाला आणि नाल्यापलीकडे कल्याणची कपाशी. छातीएवढी उंच, बोंडांनी लगडलेली, गावात सगळ्यात देखणी. ती चालत होती आणि पाठीवरची टाकी डचमळत होती. चालता चालता तिचा राग कमी होईल असं तिला वाटलं होतं. तो वाढत गेला. वर्षभर जपलेली अबोली. जीपमधली मूठ. ढिगारा. "झाडंच ती, ताई." आता घरातसुद्धा तेच!

"अगं ए! कुठं निघाली?" मागून कल्याण.

"कपाशीवर. मला पण मावा दिसून राह्यला."

"पंप खाली ठेव!"

"का बरं? हिसळलाय ना? बराबर हिसळलाय."

ती नाला उतरून वर चढली. कल्याण पळत सुटला. नाल्यातल्या चिखलात त्याची एक चप्पल रुतली, ती तिथंच टाकून तो पळाला. बांधावर वसंता येऊन उभा राहिला होता, त्याची बायकोही. वसंतानं टाळी वाजवली. "वहिनी, आमच्या बांधापासून कपाशीची चार तासं लांब मारा बरं का!"

"तुम्ही घाबरू नका, भाऊजी. तुमच्या बांधाला आले की सोडा टाकून धुते. तुमचा दादा न्हाई मी."

कपाशीच्या पहिल्या ओळीशी ती थांबली. नळी उचलली आणि नोझल एका झाडावर धरलं. कोवळ्या पानावर, कळी धरलेल्या पात्यावर. अंगठा बटणावर. झाड किती छान होतं, हे तिलाही दिसत होतं. जूनमध्ये यातली निम्मी सरकी तिनंच टोबली होती.

"दैवशाला!" कल्याणचा आवाज फाटला. "अगं, त्याच्यात टू-फोर-डी हाय!"

वसंता हसायचा थांबला.

तिनं नोझल हलवलं नाही. मान फक्त वळवली. कल्याण एका चपलेवर, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, दोन्ही हात पुढे करून उभा होता, जशी कुणी विहिरीच्या काठावरच्या लेकराला हाक मारावी.

"हाय का?" ती म्हणाली. "मघापर्यंत तर नव्हतं. ओट्यावर नव्हतं. जेवताना नव्हतं. नाल्यापर्यंत आलं तरी नव्हतं. इथं कुठून आलं?"

तो धापा टाकत राहिला.

तिनं अंगठा काढला. पट्टे सोडले, पंप बांधावर ठेवला आणि त्याच्याकडे न बघता परत निघाली. वाटेत नाल्यातली चप्पल दिसली. ती तिनं उचलली नाही.

त्यानंतर घरात भांडण असं झालं नाही. कल्याणला भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. तो कामाला लागला होता. आधी त्यानं पंप धुतला. अंगणात, सगळ्यांसमोर, सोडा टाकून, खळखळ आवाज करत. मग बाजाराच्या दिवशी घनसावंगीहून काळ्या पिशवीतली दोन अबोलीची रोपं घेऊन आला. मोठ्या, भडक केशरी फुलांची, तजेलदार. हौदाशी खड्डे केले, लावली, आळं केलं. दैवशाला बघत राहिली. तिनं रोपांचा फोटो अक्षताला पाठवला. लेकीचा लगेच फोन आला.

"आई, ही दिल्ली जातीची दिसते. ही कलमानं वाढवतात. फुलं मस्त येतील, पण बी धरत न्हाई हिला."

"मंग डब्यात काय टाकायचं?"

"काय न्हाई टाकायचं. फांदी लावायची." मग अक्षतानं विचारलं, "आई, पप्पानं मुद्दाम केलं का गं?"

"मुद्दाम न्हाई केलं," दैवशाला म्हणाली. "मुद्दाम केलं असतं तर मारला असता मी फवारा."

नव्या रोपांना ती पाणी घालते. रोपांचा काय गुन्हा. पण जुन्या झाडांच्या पिळलेल्या ओंब्या तिनं एकेक करून सोडवल्या, ओट्यावर सुपात वाळवल्या आणि एका दुपारी डब्यात टाकल्या. चार थेंब शिंपडले, झाकण लावलं, डबा कानाशी धरला. साळूबाई शेंगा निवडायची थांबली.

बराच वेळ काही नाही. मग एकदा, बारीक. मग अजून एक. मग थांबलंच.

झाकण उघडलं तर बी होतं, पण थोडं, आणि त्यातलंही बरंचसं सुरकुतलेलं. भरलेलं वाटलं तेवढं तिनं फुटक्या बादलीत पेरलं आणि बादली ओट्याच्या सावलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते, तर बादलीवर कोंबड्या झाकायची टोपली पालथी घातलेली. साळूबाई म्हणाली, "पाखरं टिपतील न्हाई तर." एवढंच. वांग्याचं नाही, तिकिटाचं नाही.

अजून बादलीत काही उगवलेलं नाही. अबोली उशिराच येते, हे दैवशालाला ठाऊक आहे. तिची ती वाट बघू शकते. तिला चैन पडू देत नाही ते वेगळंच. सरीतलं तण उपटताना, भाकरी थापताना ते मध्येच वर येतं. कल्याण त्या सकाळी पंप घेऊन हौदाशी उभा होता, नळी अबोलीवर धरलेली. पळताना जे त्याला इतकं लख्ख ठाऊक होतं, ते तेव्हा कुठं होतं? ठाऊक असून त्यानं मनात म्हटलं असेल, चालतं, फुलंच तर आहेत. किंवा ते त्याच्या मनात आलंच नसेल, कारण कायदा झाडांसाठी होता आणि हौदाशी त्याला झाडं दिसलीच नाहीत. यातलं कोणतं जास्त वाईट, हेही तिला ठरवता येत नाही. त्यामुळे रागाला धड एक जागासुद्धा मिळत नाही.

परवा संध्याकाळी कल्याण शेतातून आला. पंप खांद्यावरून उतरवला, सोड्याची पुडी शोधली, हौदाशी बसून टाकी घासू लागला. तिच्याकडे बघून म्हणाला, "बघ. उसातून आलो अन् आधी हेच धरलं. तीनदा धुवून राह्यलो."

दैवशालानं बादलीवरची टोपली उचलली, मातीवर हातानं पाणी शिंपडलं, टोपली परत ठेवली.

"एक सांगा मला," ती म्हणाली.

"आता काय?"

"त्या दिवशी अबोलीवर नळी धरली, तवा ठाऊक होतं तुम्हांला, का कपाशीकडं पळताना आठवलं?"